टेकड्यांचा कारभारी

माझा भाऊ मॅलाकी टूही सतरा वर्षं खासदार होता, आणि एवढ्या काळात एकाही माणसानं त्याला मत दिलेलं नव्हतं. पहिल्या निवडणुकीत समोरचा उमेदवार मतदानाआधीच पळाला, आणि नंतर समोर उभं राहायची कुणाला गरज वाटली नाही. दर वेळी बिनविरोध. मी त्याला म्हणायचे, "तू लोकांना आवडतोस, की लोकांना चालत जाऊन मत द्यायचा कंटाळा आहे, हे एकदा मोजल्याशिवाय कळायचं नाही हं." तो हसायचा नाही. आमच्या घरात हसण्याचं खातं माझ्याकडे होतं, भारदस्तपणाचं त्याच्याकडे.

लंडनच्या पार्लमेंटात तो क्वचितच बोलला. त्याचं खरं काम इथं आयर्लंडात, किलकॉरनमध्ये, आमच्या कापडाच्या दुकानात चालायचं. काउंटरच्या एका टोकाला मी फ्लॅनेल मोजायचे, दुसऱ्या टोकाला तो गाऱ्हाणी. कुणाच्या म्हातारीची पेन्शन अडलेली, कुणाच्या मुलीला पोस्टात लागायचं असायचं. आणि मयती. आमच्याकडे खासदार तोंड बघून निवडत नाहीत, पाय बघून निवडतात. शवपेटीमागं चिखलातून किती लांब चालतो ते पाहतात. मॅलाकी टोपी हातात धरून शेवटपर्यंत चालायचा. मेलेल्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि घरात घोडी असेल तर घोडीचंही नाव त्याला ठाऊक असायचं.

ही सगळी इभ्रत दोन वचनांवर उभी होती.

पहिलं वचन पक्षाला, कागदावर सही करून: बसेन, वागेन आणि मत देईन ते पक्षासोबत, आणि मी हे मोडलं असं पक्षातल्या बहुतेकांनी ठरवलं, तर जागा सोडीन. होमरूलसाठी, म्हणजे आयर्लंडच्या स्वराज्यासाठी, लंडनला जाणारा आमचा प्रत्येक खासदार ही सही करायचा. वचन मोडणारा म्हणजे आमच्याकडे चोराहून खालचा. चोराला निदान पोटाची सबब असते.

दुसरं वचन गावाला, तोंडी. त्या पहिल्या निवडणुकीत समोर कॉर्नेलियस लूबी होता. भला माणूस, पण त्यानं मुलाला इंग्रजांच्या सरकारी खात्यात कारकून म्हणून चिकटवलेलं. कोपऱ्यावर जार्लथ क्युसॅकचा दारूचा गुत्ता आहे, त्याच्या पिंपं वाहायच्या गाड्यावर मॅलाकी चढला आणि उजवा हात वर करून ओरडला, "राजाच्या नोकरीला हा हात लागला, तर खांद्यापासून गळून पडो!" आणि लूबीला त्यानं एक नाव दिलं: ताटचाट्या. राजाचं ताट चाटणारा. आठवडा उलटायच्या आत लूबीला कुणी पाव विकेना, चर्चमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसेना. तो गॉलवेला निघून गेला. नाव मात्र गावात राहिलं. पोरं भांडली की अजून तेच म्हणतात.

स्वतः नोकरी घ्यायची नाही, पण दुसऱ्याच्या मुलीला पोस्टात लावून द्यायचं, यातली गंमत मी मॅलाकीला एकदा दाखवली होती.

"ते वेगळं," तो म्हणाला.

"खरंच वेगळं," मी म्हटलं. "त्यात जीभ दुसऱ्याची असते."

मग एकोणीसशे चौदा साली युद्ध आलं. पक्षाच्या पुढाऱ्यांनी ठरवलं की आयरिश तरुणांनी इंग्रजांच्या फौजेत भरती व्हावं, म्हणजे होमरूल पदरात पडेल. गावातल्या भरतीच्या सभेच्या आदल्या संध्याकाळी मॅलाकी स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसला होता. "विनी, मला हे पटत नाही. दुसऱ्यांची पोरं दुसऱ्यांच्या लढाईत पाठवणारा मी कोण?"

"मग नको बोलूस."

"सही केलीय."

डीलिया हेशन तेव्हा चुलीपाशी आमच्या चादरींना इस्त्री करत होती. विधवा बाई, आठवड्यातून दोनदा कामाला यायची. तिच्यासमोर आम्ही काहीही बोलायचो, घरच्या मांजरासमोर बोलावं तसं.

दुसऱ्या दिवशी तो त्याच गाड्यावरून बोलला, आणि फार छान बोलला. न पटलेल्या गोष्टीवर माणसाचा आवाज जास्त चढतो, हे मी तेव्हा पाहिलं. गाड्यापुढं पक्षाच्या बँडचा मोठा ढोल होता, आणि तो वाजवत होता डीलियाचा मुलगा, बार्टली. भाषण संपलं तसा त्यानं ढोल जमिनीवर ठेवला आणि सगळ्यांच्या आधी नाव द्यायला गेला. सोळा साली तो फ्रान्समध्ये लढाईत पडला. शवपेटी आली नाही, त्यामुळे मॅलाकीला मागं चालताही आलं नाही.

त्याच वर्षी डब्लिनात बंड झालं. इंग्रजांनी बंडवाल्यांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या आणि गावाचं मन पालटलं. नवा पक्ष निघाला, त्याचे झेंडे निघाले, आणि आमच्या बँडमधली अर्धी पोरं वाद्यांसकट तिकडे गेली. मॅलाकीला कुणी तोंडावर काही बोललं नाही. पण मयतीत तो चालू लागला की त्याच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहू लागली.

सतराच्या ऑक्टोबरात डीलिया दुकानात आली. मी फडताळाशी होते. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, सरळ त्याच्या टोकाला गेली.

"टूही साहेब, नोव्हेंबरातला मार्टिनमासचा बाजार झाला की मी इंग्लंडला चाललेय. प्रेस्टनला, मुलीकडे. परत यायची नाही."

"देव भलं करो तुझं, डीलिया. तिथं कुणाला चिठ्ठी-बिठ्ठी द्यायची असेल तर—"

"चिठ्ठी नको. त्या गाड्यावर चढा आणि सांगा की तुम्हाला पटलं नव्हतं."

मॅलाकी हातातली टोपी उगाच पुसू लागला.

"मी इस्त्री करत होते," डीलिया म्हणाली. "ऐकलं मी. आणि पोराला सांगितलं नाही. म्हटलं, खासदार आहेत, रात्रीतून त्यांना काही समजलं असेल, जे आपल्याला नाही समजत. तेव्हापासून हे माझ्या एकटीच्या पोटात आहे. ते घेऊन मी समुद्र ओलांडणार नाही. गावाला सांगा. मग मी जाते."

"डीलिया, तुला वाटतं तितकं हे सोपं—"

"मला कुठं सोपं वाटतंय?" ती म्हणाली, आणि माझ्याकडे दोऱ्याचं रीळ मागून, ते घेऊन निघून गेली.

जेवताना मॅलाकीनं बटाट्याला हात लावला नाही.

"सांगून टाक," मी म्हटलं.

"पक्षात बसून पक्षाविरुद्ध? वचन मोडलं म्हणतील. सतरा वर्षांत कुणी म्हटलं नाही मला तसं."

"मग आधी राजीनामा दे, मग सांग."

तेव्हा तो हसला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा हसला, आणि मला ते हसणं अजिबात आवडलं नाही. "पार्लमेंटातून राजीनामा देता येत नाही, विनी."

"म्हणजे?"

"तशी सोयच नाही. फक्त एक वाट आहे. खासदारानं राजाची नोकरी घेतली की त्याची जागा आपोआप रिकामी होते. म्हणून त्यांनी एक नावापुरती नोकरी ठेवलीय. इंग्लंडात कुठं तरी टेकड्या आहेत. पूर्वी तिथं दरोडेखोर असायचे म्हणे. त्या टेकड्यांचा कारभारी. अर्ज करायचा, नेमणूक होते, सुटलो."

"पगार?"

"नाही."

"काम?"

"नाही. टेकडी बघायलाही जावं लागत नाही."

"मग घे की!"

"राजाची नोकरी आहे, विनी," तो म्हणाला, आणि आपला उजवा हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवला, जणू तिथं तो जरा सुरक्षित राहील.

मी बसून हिशेब केला. न बोलावं तर डीलिया. जागेवर राहून बोलावं तर वचनमोड्या. जागा सोडून बोलावं तर ताटचाट्या, आणि तो शब्द त्याच्याच तोंडून निघालेला. दार सापडेना. भिंती मात्र सगळ्या त्यानंच बांधलेल्या होत्या, आणि चांगल्या पक्क्या बांधल्या होत्या.

त्यानं दोघांना विचारलं. फादर गेराटी म्हणाले, "थांब. निवडणूक आली की उभा राहू नकोस. आपोआप मोकळा होशील."

"निवडणूक कधी, फादर? दोन वर्षांपूर्वीच व्हायला हवी होती. दर खेपेला पार्लमेंट स्वतःचीच मुदत वाढवतं."

"युद्ध संपलं की होईल."

"आणि युद्ध?"

"त्यासाठी आपण प्रार्थना करतोच," फादर म्हणाले आणि चहात साखर घालू लागले.

दुसरा जार्लथ क्युसॅक. गुत्त्याबरोबर पक्षाची गावातली शाखाही तोच चालवायचा आणि दोन्हींत फेस जास्त, असं मी म्हणायचे. त्यानं दार लावून घेतलं. "अर्ज करतोस? कर की! परवाच्या वर्तमानपत्रात नेमणूक छापून येईल: टूही, राजाचा कारभारी. त्या नव्या पक्षाची पोरं तुझ्या दारावर ताट टांगतील बघ. आणि पोटनिवडणूक लागेल ती वेगळी. ती आपण हरणार. नंतर माझ्या गुत्त्यात कोण येणार, तू आणि तुझ्या टेकड्या?"

"मला फक्त एक वाक्य बोलायचंय, जार्लथ."

"मग स्वयंपाकघरात बोल ना! आजवर तुझी खरी वाक्यं तिथंच होत होती."

हे लागलं. मॅलाकी घरी आला आणि कोट न काढता बसून राहिला. बाजार चार दिवसांवर आलेला.

तोड मीच काढली. अभिमानानं सांगत नाही, नुसतं सांगते. मी म्हटलं, "सहीत काय आहे? वचन मोडलं असं पक्षानं ठरवलं तर जागा सोडायची. बरोबर? मग मोड. गाड्यावरून, सगळ्यांसमोर. पक्ष चिडेल, तुला जागा सोडायला सांगेल. मग तू टेकड्या घे. पक्षानंच हुकूम दिल्यावर ती नोकरी कसली? ती शिक्षा. शिक्षा भोगणाऱ्याला ताटचाट्या कोण म्हणेल?"

त्यानं उठून कोट काढला आणि खुंटीला अडकवला. "विनी, पार्लमेंटात तू जायला हवं होतंस."

"मग दुकान कोणी चालवलं असतं?"

त्या रात्री तो पोटभर जेवला.

मार्टिनमासच्या दिवशी चौकात गुरं, शेतकरी आणि झेंडेवाली पोरं, सगळी एकत्र उभी होती. जार्लथनं गाडा दिला नसता, पण त्याला वाटलं, मॅलाकीनं तो नाद सोडलाय आणि हे नेहमीचंच भाषण आहे. डीलिया पंपापाशी उभी होती, काळी शाल डोक्यावरून घेऊन. मॅलाकीनं वर चढल्याबरोबर तिला शोधलं. मी पाहिलं.

त्यानं मयतीतल्यासारखी टोपी काढली. "तीन वर्षांपूर्वी," तो म्हणाला, "मी इथं उभा राहून तुमच्या पोरांना लढाईवर जा म्हणालो. मला ते पटलेलं नव्हतं. आदल्या दिवशीही नव्हतं, बोलतानाही नव्हतं. तरी मी बोललो. बार्टली हेशन—"

पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. झेंडेवाल्या पोरांकडून अशी आरोळी उठली की गुरं दोर तोडू लागली. "कबूल केलं! ऐका, त्यांच्याच खासदारानं कबूल केलं! पक्षानं पोरं विकली!" कुणी तरी ढोल बडवू लागलं. तोच ढोल, फक्त हात वेगळे आणि ताल भलताच. दोघे-तिघे गाड्यावर चढले, त्यांनी मॅलाकीला खांद्यावर घेतलं आणि चौकभर मिरवलं. त्याचं तोंड अजून हलत होतं. वरून तो हातानं थांबा थांबा म्हणत होता, आणि खालच्यांना वाटत होतं, साहेब अभिवादन करताहेत. बार्टलीचं नाव त्यांनी उचललं आणि घोषणेत घातलं, आधी 'अमर रहे' आणि मग त्यांच्या पुढाऱ्याचं नाव. मी पंपाकडे पाहिलं. डीलिया तिथं नव्हती.

जार्लथ माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्याचा रंग पिठासारखा. "भावाला वेड लागलंय का तुझ्या?"

"आता काढा त्याला पक्षातून," मी म्हटलं. "वचन मोडलंय त्यानं. सांगा, जागा सोड म्हणून."

"काढा?" जार्लथ म्हणाला. "अगं, काढलं तर पोटनिवडणूक लागेल!"

आणि तेव्हा मला माझ्या हिशेबातली चूक दिसली.

दुसऱ्या दिवशी पक्षाची तार आली. मजकूर थोडका होता: भाषण वर्तमानपत्रांनी विपर्यास करून छापलं असं पक्षानं जाहीर केलं आहे, टूही यांच्यावर पूर्ण विश्वास, जागा सोडू नये. मॅलाकीनं ती काउंटरवर पसरली आणि बोटानं सपाट केली, कापडाची चुणी मोडावी तशी.

"मी बोललोच नाही म्हणताहेत."

"बोललास. सगळ्या गावानं ऐकलं."

"सगळ्या गावानं ओरडा ऐकला. तिनं काय ऐकलं?" तो म्हणाला. "विनी, तिनं काय ऐकलं?"

त्या दिवसापासून तो रस्त्यावर आला की झेंडेवाली पोरं ढोल घेऊन मागं चालू लागत. त्याला आपल्यात ओढायला नव्हे; त्यांना तो कशाला हवा होता? नुसता दाखवायला. आणि मागून जार्लथ येई, लोकांना सांगत, "विपर्यास हो, विपर्यास." मॅलाकी दोघांच्या मध्ये. पाव आणायला गेला तरी वरात.

डीलिया निघायच्या सकाळी तो उजाडताच, कुणी उठायच्या आत, माझ्याबरोबर तिच्या घरी गेला. एकच खोली. भांडी विकून झालेली, चूल विझलेली. दोरी बांधलेली पेटी मधोमध आणि एक खुर्ची, जिला गिऱ्हाईक मिळालं नव्हतं.

मॅलाकी टोपी काढून उभा राहिला. अंगठा आपोआप वेस्टकोटाच्या खिशात गेला. "डीलिया, या मतदारसंघाचा प्रतिनिधी म्हणून मला—"

"बसा."

"नाही, मला उभ्यानंच—"

"बसा आणि बोला, साहेब. मी एकटीच आहे इथं."

तो बसला. ती पेटीवर बसली. खुर्ची उंच होती की पेटी ठेंगणी, पण तो वरून बोलत असल्यासारखा दिसू लागला, आणि ते त्यालाही कळलं. तो खुर्चीतून उठून चुलीच्या कट्ट्यावर बसला. राखेत. कोट नवा होता.

"बाजाराच्या दिवशी ऐकलंस का?"

"'बार्टली हेशन' इथवर ऐकलं. मग त्यांनी माझ्या पोराचं नाव ओरडायला घेतलं."

"मला पटलं नव्हतं."

"ते मला माहीत आहे. मी तिथं होते."

"तरी मी बोललो."

"कुणाला?"

"तरुणांना. गावातल्या—"

"कुणाला, साहेब?"

मॅलाकीनं तोंड उघडलं. इतकी वर्षं प्रत्येक मेलेल्याचं नाव ज्याच्या जिभेवर असायचं, त्याला ते एक नाव उच्चारायला फार वेळ लागला. "बार्टलीला," तो म्हणाला. "तो ढोल वाजवत होता. माझ्याकडेच बघत होता. बोलताना मी त्याच्याकडे बघून बोललो, कारण तो मान हलवत होता. समोर कुणी मान हलवणारा असला की बोलायला बरं पडतं."

डीलियानं पेटीच्या दोरीची गाठ आवळली.

"मान हलवायची सवयच होती त्याला," ती म्हणाली. "ताल धरायला." मग शाल नीट करत म्हणाली, "मी सांगितलं असतं तर गेला नसता."

"डीलिया—"

"नाही, माफ केलं असं समजू नका. तुम्ही मला काही सांगितलंत, मी तुम्हाला सांगितलं. आता निदान दोघांना माहीत आहे." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तिघांना."

बाहेर स्टेशनवर नेणारी गाडी आली. मॅलाकी उठला, पेटीची दोरी हातात धरली. "मी येतो पोचवायला."

"नको."

"एवढं तरी करू दे, डीलिया. पेटी जड आहे."

"तुम्ही आलात तर मागं बँड येईल," ती म्हणाली. "मला ढोल ऐकत जायचं नाही. इथंच बसा, साहेब. गाडी सुटेपर्यंत बाहेर येऊ नका."

पेटी गाडीवाल्यानं आणि मी उचलली. स्टेशनवर डीलियानं माझा हात हातात घेतला. शिट्टी झाली, ती गेली.

परत आले तेव्हा तो तसाच राखेत बसलेला होता, टोपी गुडघ्यावर. खिडकी बाहेरच्या फळीनं बंद केलेली, त्यामुळे अंधार होता.

"गेली?"

"गेली."

"शिट्टी ऐकली मी." मग म्हणाला, "बाहेर कोण आहे?"

मी दाराच्या फटीतून पाहिलं. "डावीकडे झेंडेवाली पोरं. उजवीकडे जार्लथ. हातात आणखी एक तार दिसतेय."

"मागचं दार?"

"डीलियाच्या घराला मागचं दार नाही, मॅलाकी."

त्यानं मान हलवली. मी त्याच्याजवळ कट्ट्यावर बसले, माझाही झगा राखेत गेला. बाहेर कुणी तरी ढोलावर एकदा थाप मारली आणि थांबलं, आम्ही येतो का ते बघायला.

"थोडं बसू," तो म्हणाला.